फळ्याकडं तोंड

कबनूर
सोमवार, ७ जुलै

ति. आत्तीस,
सविनय जयभीम. वि. वि.

राजवीर अजून भिंतीला कान लावून उभा आहे. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं डबे घेऊन व्हरांड्यात गेली, हा हलत नाही. मी खुणेनं जा म्हटलं तर त्यानं मलाच गप्प राहायची खूण केली. चौथीतला पोरगा. पलीकडं कुठला माग थांबला ते तो ओळखतोय म्हणे.

भिंतीपलीकडं अण्णासोंचा मागाचा कारखाना आहे. शाळा आधीची, कारखाना नंतरचा, भिंत दोघांची. आम्ही प्रार्थनेला उभे राहतो तेव्हा तिकडं सकाळची पाळी रंगात आलेली असते. दिवसभर खटखट चालू आणि तिच्यावरून मी शिकवते. मला सवय झाली असं मी समजत होते. जूनमध्ये श्रुतलेखन घेतलं तेव्हा पुढच्या ओळीनं बरं लिहिलं, मागच्या ओळीनं भलतंच.

उन्हाळ्यात आमचं प्रशिक्षण झालं ते तुला कळवलं होतं. तिथल्या सरांचं एकच म्हणणं होतं, की आधी धडा देऊ नका, अडचण द्या. पोरांच्या रोजच्या जगण्यातली, खरी. मग त्यांना शोधू द्या, करून बघू द्या, भांडू द्या. उत्तर तुम्हाला ठाऊक असलं तरी तोंड मिटून बसा. तोंड मिटून बसायचा पगार कोण देणार, असं आमच्यातली एक म्हणाली आणि सगळ्या हसलो.

आज मी फळ्यावर एवढंच लिहिलं, की आपल्या वर्गात मागं बसणाऱ्याला नीट ऐकू का येत नाही, आणि त्याला काय करता येईल. मग खुर्चीत बसले. सगळे एकदम बोलले. राजवीर म्हणाला त्यात काय शोधायचंय, माग हाईत की. त्यावर दुसऱ्यानं विचारलं, माग तर पुढं बी ऐकू येत्यात, मग पुढच्यास्नी मॅडमचं कसं कळतंय. तेव्हापासून राजवीर भिंतीला चिकटलाय.

माझी खरी काळजी वेगळी आहे. मागच्या ओळीत, अगदी त्या भिंतीला टेकून, वर्षाराणी नावाची मुलगी बसते. तिचा बाप जोतीराम अण्णासोंच्याच कारखान्यात माग चालवतो. आई मोना तिथंच कांड्या भरते, म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळते. पोरीचं अक्षर फळ्यावरून उतरवून घेताना मोत्यासारखं. श्रुतलेखनात कोरं पान. प्रश्न विचारला तर हसते. जूनमध्ये जोतीराम आला आणि शांतपणे म्हणाला, हिचं डोकं चालत न्हाय मॅडम, सहामाहीला बी असंच दिसलं तर नृसिंहवाडीकडं आजीपाशी धाडतो, म्हशीमागं तरी जाईल. वर्षाराणी शेजारी उभी राहून त्याच्या तोंडाकडं बघत होती. मी तिला पुढं बसवते. दुसऱ्या दिवशी ती परत भिंतीशी.

फोनच करणार होते, पण तुमच्या पेठेत रेंज नसते. आमच्या मुख्याध्यापिका क्रांती मॅडम रोज कोल्हापूरहून येतात. तुझं घर त्यांच्या वाटेवर आहे. पत्र त्यांच्या हाती देते, उत्तरही त्यांच्याच हाती दे.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढा तरी ठेव.

तुझी,
दीप्ती


मंगळवार पेठ, कोल्हापूर
बुधवार, ९ जुलै

चि. दीप्तीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पोचलं. क्रांतीबाईंनी दारात उभं राहून बरंच काही सांगितलं. मी हो म्हटलं. बाई चांगल्या वाटल्या.

तुझी नवी पद्धत वाचली. मी शिक्षिकेच्या नोकरीभर आधी उत्तर दिलं आणि मग प्रश्न विचारला. त्यात अपघात कमी होतात. पण तुला बाराचा पाढा मी कसा शिकवला ते आठव. पाढा येईपर्यंत आमरस नाही, ही खरी अडचण होती आणि ती तुझ्या रोजच्या जगण्यातली होती. तू ती दुपारपर्यंत सोडवलीस. तेव्हा तुझ्या सरांना सांग, हे कोल्हापुरात जुनं आहे.

चेष्टा सोडते. एक विचारते. कारखान्याला सुट्टी कधी असते? त्या दिवशी काय होतं ते पोरं बघणार आहेत का? तू सुचवू नको. कुणाला सुचलं तर अडवू नको.

इकडं ठीक. शेजारच्या बनाबाई परवा मागल्या दाराशी धुणं वाळत घालताना काहीतरी सांगत होत्या. मी मान हलवत होते. काल संध्याकाळी त्यांचा नातू दप्तर घेऊन दारात हजर. मी त्याची शिकवणी घ्यायला कबूल झाले होते म्हणे, तीही रोज. आता घेते आहे. पोरगा आळशी आहे पण खातो छान.

बुद्धभूषण पुण्याहून फोन करतो. आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. त्यानं फोन बदलून दिला, तरी विहीर तीच. दिवाळीला आणखी एक वस्तू आणली होती, ती कपाटात आहे. पोरगा आईसाठी खर्च करतो, वाईट काय म्हणायचं.

तुझी वर्षाराणी बापाच्या तोंडाकडं बघते असं लिहिलंस. बाकीच्यांच्याही बघते का?

जेवणाची हेळसांड करू नको. माया आहेच, ती पत्रानं वाढेल.

आत्ती


कबनूर
शनिवार, १२ जुलै

ति. आत्तीस,
सविनय जयभीम. वि. वि.

सुट्टीचं राजवीरलाच सुचलं. मी तोंड मिटून होते, शपथ. शुक्रवारी अण्णासोंचे माग बंद असतात. पोरांनी ठरवलं, गुरुवारी कारखाना बघायचा आणि शुक्रवारी शांततेत वर्ग.

गुरुवारी गेलो. दारात अण्णासो, पांढरी टोपी, हातात हिशेबाची पेन्सिल. पोरांनी धिटाईनं विचारलं, श्रुतलेखनापुरते माग बंद ठेवाल का. अण्णासो म्हणाले, ठेवतो की पावणं, आणि रातच्याला पोरांच्या ताटात काय धोटं वाढू व्हय. पोरांनी त्यांचं उत्तर आपसात बोलून बघितलं आणि ते बरोबर आहे असं ठरवलं. माग बंद होणार नाहीत, भिंत हलणार नाही. राहिलं काय, असं एकजण म्हणाला. आमी, असं दुसरा म्हणाला. मी मनात टाळी वाजवली.

आत गेल्यावर मात्र मला माझाच आवाज ऐकू येईना. आत्ती, तिथं माणसं तोंडानं बोलतच नाहीत. आधी हात हवेत हलवतात, समोरच्यानं बघितलं की मग बोटं, भुवया, नुसते ओठ. सूत संपलं, चहा आला, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलाव, तुझी बायको आलीया. सगळं त्या टोकाहून या टोकाला. पोरं थक्क. आणि वर्षाराणी मधोमध उभी राहून एकेकाच्या कानाशी ओरडून सांगत होती, तो काय म्हणतोय, ही काय म्हणती. शब्द थोडे गिळते, पण बोलत होती. राजवीर तिच्या मागं मागं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती पुढं आणि वर्ग मागं, असं बघितलं. तू विचारलंस ना, ती सगळ्यांच्याच तोंडाकडं बघते. लक्ष असतं तिचं, पण अभ्यासात नसतं.

शुक्रवारी माग बंद. इतकी शांतता की पोरं कुजबुजायला लागली. श्रुतलेखन घेतलं. मागच्या ओळीचं एकदम सुधारलं. राजवीर म्हणाला हे खरं धरायचं न्हाय, समदी एकमेकांचं बघत्यात. मग त्यांनी नियम केला. सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करायचं, डोळे मिटायचे, दारातून एकानं हळू आवाजात नाव घ्यायचं, ज्याचं नाव त्यानं हात वर करायचा. एकेक करून सगळे हात वर आले. वर्षाराणीचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं, हात नाही. मी जवळ गेले. डोळे गच्च मिटलेले. खांद्याला हात लावला तर केवढ्यानं दचकली. बसल्या जागी डुलकी लागली असणार. गुरुवारी एवढी रमलेली पोरगी शुक्रवारी झोपते, म्हणून मी जरा जास्तच रागावले.

सोमवारी पोरं बसायची नवी मांडणी सुचवणार आहेत. बनाबाईंच्या नातवाला किती पाढे आले ते कळव.

तुझी आठवण रोज होते. तुझ्याकडूनही होऊ दे.

दीप्ती


मंगळवार पेठ
रविवार, १३ जुलै

चि. दीप्तीस,
आशीर्वाद.

ती मुलगी झोपली नव्हती.

डोळे मिटा म्हणालात, तिनं मिटले. मग तिच्याकडं काही उरलं नाही. दारातली हाक आधीच नव्हती, आता बाकीच्यांचे हातही दिसेनात. ती थांबून राहिली, कुणीतरी येऊन खांद्याला हात लावेपर्यंत. तू लावलास आणि रागावलीस.

मला कसं कळलं ते लिहिते. पेठेत रेंज चांगली आहे, नसते हे मी सांगितलेलं खोटं. मलाच काही वर्षं नीट ऐकू येत नाही. समोर तोंड दिसलं तर कळतं, नाही दिसलं तर मी मान हलवते. बनाबाईंची शिकवणी अशीच गळ्यात पडली. क्रांतीबाई त्या दिवशी काय म्हणाल्या ते मला अजून माहीत नाही. कपाटातली वस्तू म्हणजे कानाचं मशीन.

ती भिंतीशी का बसते तेही सांगते. मी भाजी आणायला मंडईत भर गर्दीच्या वेळी जाते. तिथं सगळेच काय काय म्हणून विचारतात. गोंगाटात सगळेच बहिरे, म्हणून आपण एकटे नसतो.

म्हाताऱ्या माणसाला लपवायला सोपं जातं. लोक आपणहून कारणं देतात. वय झालं, विसराळू झाली, तंद्रीत असते. लहान पोरीला एकच कारण मिळतं. डोकं नाही.

घरच्यांना कसं कळलं नाही, ते मला उमगत नाही. जाऊन बघ. वर्गात बोलू नको. ही अडचण फळ्यावर लिहायची नाही.

स्वतःला फार बोल लावत बसू नको, वेळ जातो.

आत्ती


कबनूर
गुरुवार, १७ जुलै

ति. आत्तीस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र सोमवारी प्रार्थनेच्या वेळी हातात आलं. पर्समध्ये ठेवलं. तास सुरू झाला आणि राजवीर उठला. पोरांनी रविवारी मैदानावर सगळं बोलून ठेवलं होतं. तो आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, मॅडम, बाकीच्यास्नी माग चालू असताना ऐकू येत न्हाय, वर्षाराणीला माग बंद असताना बी ऐकू येत न्हाय, म्हंजे तिचा दोष भिंतीचा न्हाय. दुष्टपणानं नाही. शोध लागल्यासारखा, चेहरा फुललेला. शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

वर्गातली सगळी तोंडं एकदम मागं वळली. तिनं ती वाचली. दप्तर उचललं आणि बाहेर गेली. मी पर्स उघडून तुझं पत्र तेव्हा वाचलं.

दुपारी मोना आली. केसांत सुताचे कण तसेच. व्हरांड्यातूनच सुरुवात. कोण म्हणतंय आमची पोर बहिरी, घरात हाक न मारता समदी कामं करती, शाळेत बसून तुमी पोरांना ह्येच शिकवताय व्हय. मी ऐकून घेतलं. हाक न मारता, एवढेच शब्द माझ्या डोक्यात राहिले.

शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर घरी गेले. कारखान्याच्या मागल्या अंगाला एक खोली. माग तिथंही चालूच, भांडी फळीवर थरथरतात. मोनानं हात हलवला, ओठांनी काही विचारलं. वर्षाराणीनं बोटांनी उत्तर दिलं आणि माझ्यासाठी चहाचं भांडं काढलं. जोतीराम पाळी संपवून आला. दारातून हात, आतून हात. मी बराच वेळ बसले होते. आत्ती, त्या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. गरजच नाही. सगळे तिच्यासारखे आहेत, मग ती वेगळी आहे हे कळणार कसं.

मी मोनाच्या कानाशी जाऊन म्हटलं, पाठ करून काहीतरी बोला तिच्याशी. मोना गॅसकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, राणी, साखर दे. मला दाराशी ऐकू आलं. वर्षाराणी ताटलीतले चुरमुरे खात राहिली. मोना पुन्हा म्हणाली. मग तिनं गॅस बंद केला आणि खाली बसली.

जोतीराम उभाच होता. तो रागावला नाही. म्हणाला, मग तर झालंच की मॅडम, ऐकूच येत न्हाय तर शाळा करून काय करायचं, गणपती झाले की आजीकडं धाडतो. म्हणजे मी कारण शोधून दिलं आणि त्यानं सहामाहीचीही वाट बघायची नाही असं ठरवलं.

आज तीन दिवस ती शाळेत नाही. तिची जागा रिकामी. राजवीर तिथं कुणाला बसू देत नाही.

तू हे इतके दिवस एकटीनं सांभाळलंस, यावर भेटल्यावर बोलू. समोरासमोर.

दीप्ती


मंगळवार पेठ
शनिवार, १९ जुलै

चि. दीप्तीस,
अनेक आशीर्वाद.

राजवीरला शिक्षा करू नको. आईबाप, तू आणि शाळा, इतक्या जणांना जे दिसलं नाही ते त्याला दिसलं. फक्त त्याला सांग, की माणसाबद्दल शोध लागला तर तो आधी त्या माणसाला सांगायचा.

आता मोनाला धर. बापाशी वाद घालू नको. गॅस बंद करून खाली बसली ती बाई तपासणीला येईल. सरकारी दवाखान्यात कानाचा विभाग आहे, आठवड्यातले ठराविक दिवस असतात, क्रांतीबाई चौकशी करतील. काल त्या आल्या तेव्हा मी त्यांना उजेडाकडं तोंड करून उभं राहायला सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. चांगल्याच आहेत.

मशीन मिळालं तर सगळं सुटलं असं समजू नको. मी माझं एक आठवडा घातलं. भांडी, रिक्षा, पंखा, माझं स्वतःचं चावणं, सगळं कानात शिरलं. जो शब्द हवा तो सोडून. म्हणून ते कपाटात गेलं. डॉक्टर म्हणाले होते सवय लागेपर्यंत धीर धरा. मी सगळ्यांना धीर शिकवला, आपल्यापुरता ठेवला नाही.

पोरीला सांग, कोल्हापुरात एक म्हातारी तिच्याच ओळीत बसते.

आत्ती


कबनूर
सोमवार, १८ ऑगस्ट

ति. आत्तीस,
सविनय जयभीम. वि. वि.

एवढे दिवस चिठ्ठ्याच पाठवल्या, आज सविस्तर लिहिते.

मोना तपासणीला आली ते तुला माहीत आहे. दोन्ही कान कमी आहेत, कधीपासून ते डॉक्टरांना सांगता येत नाही. एका संस्थेच्या शिबिरात मशीन मिळालं. त्यानंतरच्या सोमवारी मोनानं तिला वर्गाच्या दारापर्यंत आणून सोडलं. जोतीरामचं म्हणणं बदललेलं नाही. गणपतीपर्यंत जाऊ दे म्हणाला.

तिनं मशीन घातलं आणि प्रार्थना संपायच्या आत काढलं. मागांची खटखट डोक्यात शिरली. ते कंपासपेटीत गेलं. तुझं कपाट आठवलं.

मग पोरांनी मला न विचारता फळा घेतला. राजवीरनं लिहिलं, वर्षाराणीला वर्गात कळावं म्हणून आपण काय करायचं? सगळे उत्साहात. तिला पुढं बसवू, तिला मोठ्यानं सांगू, तिला लिहून देऊ. तिला, तिला, तिला. मला बरं वाटत होतं. ती उठली. फळ्यापाशी गेली. हाताच्या तळव्यानं आपलं नाव पुसलं, मग सगळी ओळच पुसली. खडू घेतला आणि खाली लिहिलं, मॅडम फळ्याकडं तोंड करून बोलतात. त्याला काय करायचं?

मी ते मोठ्यानं वाचलं. वाचताना माझं तोंड फळ्याकडं होतं. पोरं हसली. आधी ती, मग मीही.

तेवढ्यात मागच्या ओळीतला एकजण म्हणाला, व्हय की, तवा आमाला बी काय कळत न्हाय. आत्ती, पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. पुढच्यांना माग कमी ऐकू येतात म्हणून नाही, मी फळ्याकडं तोंड करून बोलले तरी ते जवळ असतात म्हणून त्यांना कळतं, मागं काही पोचत नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरांनी माझ्यावर नजर ठेवली. मी पाठमोरी बोलले की राजवीर हात वर करायचा. दुपारपर्यंत त्याचा हात दुखायला लागला. मी इतकं फळ्याशी बोलते हे मला माहीत नव्हतं.

आता वर्गाचे नियम आहेत, माझे नव्हे, त्यांचे. मॅडमनी आधी लिहायचं, मग वळायचं, मग बोलायचं. कुणालाही बोलायचं तर आधी हात हलवायचा, कारखान्यात हलवतात तसा. सतरंज्या गोलाकार, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसतात. वर्षाराणी त्यांना मागावरच्या खुणा शिकवते. भाषेत, गणितात, सगळ्याच पोरांच्यात फरक पडलाय, एकट्या तिच्यातच नव्हे. मागची ओळच आता उरलेली नाही.

एक गोष्ट अडली आहे. माझ्यामागं खिडकी आहे. उजेड डोळ्यांवर येतो आणि माझं तोंड काळं दिसतं, असं वर्षाराणीचं म्हणणं. फळा बाजूच्या भिंतीवर हवा. तो लोखंडी चौकटीत नट-बोल्टनं बसवलेला. क्रांती मॅडम म्हणतात प्रस्ताव वर पाठवते, मंजुरी येईपर्यंत ही पोरं सातवीत जातील.

येत्या गुरुवारी पालकसभा आहे. पोरं सगळं मांडणार आहेत. जोतीराम येईन म्हणालाय. बघतो आणि काय ते सांगतो म्हणाला. मला त्या माणसाची भीती वाटत नाही, त्याच्या शांतपणाची वाटते.

तू येशील का? क्रांती मॅडम सकाळी घ्यायला येतील. मशीनबद्दल मी काही म्हणत नाही.

तुझ्या येण्यावर भरवसा ठेवून,
दीप्ती


मंगळवार पेठ
गुरुवार, २१ ऑगस्ट, संध्याकाळ

चि. दीप्तीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

सुखरूप पोचले. तुला सभेनंतर पालकांनी घेरलं होतं म्हणून न बोलता निघाले. बोलले असते तरी त्या खटखटीत निम्मं मला कळलं नसतं. तुला जे कळलं नसेल ते लिहिते. तू पोरांकडं बघत होतीस, मी दाराकडं.

जोतीराम आत आला नाही. उंबऱ्याशी खांदा टेकून उभा राहिला. पोरांनी खिडकीची आणि फळ्याची अडचण मांडली, मग राजवीरनं श्रुतलेखन घातलं. तोंड समोर, हात आधी वर, अगदी नियमानं. पोरगा पुढं वकील तरी होईल नाहीतर लिलाव तरी पुकारेल. तुझ्या वर्षाराणीची पाटी मी मागून बघितली. एक शब्द चुकला. माझे दोन चुकले असते.

मग जोतीरामनं दारातून हात हलवला. मुलीनं बघितलं. त्यानं बोटांनी काही विचारलं, तिनं उत्तर दिलं. आणि सगळा वर्ग हसला. तू तेव्हा कुणा आईशी बोलत होतीस. मी शेजारच्या पोराला विचारलं. त्यानं माझ्यासमोर येऊन, तोंड उजेडात धरून सांगितलं. बाप म्हणाला, बास झालं, चल घरला. ती म्हणाली, तास संपला न्हाय, तुमी जावा.

वर्ग हसला तेव्हा जोतीरामचा चेहरा मी बघितला. ती त्याची घरची भाषा. बापलेकीशिवाय तिथं कुणाला कळणार नाही अशी त्याची खात्री. आणि चौथीचा सगळा वर्ग ती वाचत होता. तो एकेका पोराकडं बघत राहिला. मग फळ्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. आणि निघून गेला. मोना त्याच्यामागं गेली.

मी मशीन घालून आले होते. तुझ्या लक्षात आलं, तू बोलली नाहीस, बरं केलंस. वर्गात शिरल्यावर माग डोक्यात घुसले, तसं काढलं आणि पदराला पुसत बसले. मान वर केली तर वर्षाराणी बघत होती. तिनं आपली कंपासपेटी उघडून दाखवली. मी तिच्या पाटीवर लिहिलं, शुक्रवारपासून? तिनं खाली लिहिलं, रोज थोडं. आमचं ठरलं. तिथून उठेपर्यंत आम्ही दोघी एकाच सतरंजीवर होतो.

घरी आले तर बनाबाई मागल्या दाराशी माझ्या पाठीमागं काही बोलत होत्या. मी वळले आणि सांगितलं, मला ऐकू येत नाही, समोर येऊन बोला. त्या म्हणाल्या, हे गल्लीला ठाऊक हाय, तुमालाच ठाऊक न्हवतं. शिकवणीचं मुद्दाम पाठीमागून विचारलं होतं, समोरून तुमी न्हाय म्हणाला असता. मी शिकवणी बंद केलेली नाही.

जोतीरामचं काय होईल मला सांगता येत नाही. उद्या सकाळी काय होईल ते दोन ओळी कळव.

माझा जीव तुमच्या वर्गात आहे. त्याला जपा.

आत्ती


कबनूर
शुक्रवार, २२ ऑगस्ट

ति. आत्तीस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र मिळालं.

आज सकाळी शाळेत पोचले तेव्हा जोतीराम पायरीवर बसला होता. शेजारी पान्ह्यांची पिशवी. आज माग बंद असतात. मी दार उघडलं. वर्षाराणीनं आत जाऊन बाजूच्या भिंतीवर खडूनं फळ्याची जागा आखली. त्यानं नट सोडवले, पोरांनी फळा खालून धरला. क्रांती मॅडम ऑफिसातून बाहेर आल्या नाहीत.

फळा बसला. मी त्याच्यासमोर उभी राहिले, पोरांकडं वळले, हात हलवला आणि हजेरी घेतली. वर्षाराणी हजर आहे.

दीप्ती